घरच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात सफाई कोळंबीची जोपासना

चरणाऱ्या गुरांच्या पाठीवर बसून गोचीड व माश्या टिपणारी साळुंकी किंवा गाईच्या पायांभोवती फिरणारा गायबगळा हे दृश्य शेतकऱ्यास नवे नाही. पक्ष्यास भक्ष्य मिळते व गुरास त्रासापासून थोडी सुटका मिळते. समुद्राच्या तळाशी, प्रवाळांच्या खडकांत, असाच व्यवहार अनादी कालापासून चालू आहे. तेथे साळुंकीचे काम एक लहानशी कोळंबी करते. माशांच्या अंगावरील परोपजीवी कीटक, मृत त्वचा व चिकट स्राव ती खाते. म्हणूनच तिला सफाई कोळंबी असे म्हणतात. बाजारात ती ‘क्लीनर श्रिंप’ या नावाने ओळखली जाते.

शोभेचे मासे पाळण्याचा छंद आता शहरापुरता राहिलेला नाही. तालुक्याच्या गावीही गोड्या पाण्याच्या काचटाक्या दिसू लागल्या असून काही हौशी मंडळी खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाकडे वळत आहेत. मुंबईस १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय उघडण्यात आले, तेव्हा समुद्रातील रंगीत मासे काचेआड पाहणे हीच मोठी नवलाई होती. आज तेच प्राणी घरी ठेवता येतात. परंतु त्यांच्या गरजा नीट समजून न घेतल्यामुळे पुष्कळ प्राणी पहिल्या काही आठवड्यांतच दगावतात. सफाई कोळंबीच्या बाबतीत हे विशेषेकरून घडते. यास्तव तिच्या जोपासनेची आवश्यक ती माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

ओळख

मत्स्यालयात सर्वांत अधिक पाळल्या जाणाऱ्या जातीचे शास्त्रीय नाव ‘लायस्माटा अंबोइनेन्सिस’ असे आहे. इंडोनेशियातील आंबोन बेटावरून हे नाव पडले असून द मान या डच शास्त्रज्ञाने १८८८ मध्ये या जातीचे वर्णन केले. तांबड्या समुद्रापासून हिंदी व प्रशांत महासागरापर्यंत प्रवाळांच्या प्रदेशात ती आढळते. तिची लांबी ५ ते ६ सेंटिमीटर असते. अंग पिवळसर, पाठीवर दोन तांबडेभडक पट्टे व त्यांच्या मधोमध शुभ्र रेघ, आणि लांबच लांब पांढऱ्या मिशा अशी तिची ठेवण असल्यामुळे ती चटकन ओळखता येते.

या मिशा म्हणजे तिच्या दुकानाची पाटीच होय. खडकाच्या कपारीत ठराविक जागी बसून ती मिशा हालविते व अंग डोलविते. मासा जवळ येऊन स्तब्ध उभा राहतो, कल्ले व तोंड उघडतो, आणि कोळंबी निर्धास्तपणे आत शिरून आपले काम करते. एरवी कोळंबी हेच ज्यांचे खाद्य असे मोरे जातीच्या वामेसारखे मासेदेखील अशा वेळी तिला इजा करीत नाहीत. घरच्या टाकीत ती थोड्याच दिवसांत इतकी धीट होते की, पाण्यात हात घातला असता हातावर चढून नखांभोवतीची त्वचा टोकरू लागते.

ती वैद्य नव्हे

माशांना रोग झाला म्हणून औषधादाखल ही कोळंबी आणून टाकीत सोडणारे अनेक आहेत. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ऑस्ट्रेलियातील जेम्स कुक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ही कोळंबी माशांच्या अंगावरील विशिष्ट चपटे कृमी व त्यांची अंडीही खाते असे दिसून आले. तेव्हा तिचा उपयोग खरा आहे यात शंका नाही. परंतु खाऱ्या पाण्यातील माशांना वारंवार होणारा ‘पांढरे ठिपके’ हा रोग निराळा आहे. त्याचे जंतू माशाच्या वरच्या त्वचेखाली शिरून बसतात व तेथवर कोळंबीचे चिमटे पोहोचत नाहीत. तिच्या भरवशावर राहिल्यास मासे दगावतात. आणि मग घाईघाईने टाकीत औषध ओतले जाते, त्याने कोळंबीही मरते. असे दुहेरी नुकसान टाळावयाचे असल्यास सफाई कोळंबी ही मत्स्यालयाची रहिवासी आहे, औषधाची बाटली नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

टाकी व तिची जागा

खाऱ्या पाण्याची टाकी जितकी मोठी, तितकी ती सांभाळण्यास सोपी. थोड्या पाण्यात उष्णता व क्षार यांचे प्रमाण झपाट्याने बदलते आणि हा बदल कोळंबीस सोसत नाही. नवशिक्याने १०० लिटरपेक्षा लहान टाकी घेऊ नये. ९० सेंटिमीटर लांब, ४० सेंटिमीटर उंच व ३५ सेंटिमीटर रुंद अशा टाकीत सुमारे १२६ लिटर पाणी मावते. वाळू व दगड धरून तिचे वजन दीडशे किलोग्रॅमच्या वर जाते. म्हणून घडवंची किंवा मेज भक्कम व समपातळीत असावे. टाकीवर थेट ऊन पडू नये, तसेच ती स्वयंपाकघरात किंवा देवघरातील धूप-उदबत्तीच्या जवळ ठेवू नये.

टाकीत दगडांची रचना करताना दोन-तीन अंधाऱ्या कपारी अवश्य ठेवाव्यात. पाणी खेळते ठेवणारा पंप, गाळणी व हवापंप ही साधने लागतात. पंपाच्या तोंडास स्पंज बसवावा, म्हणजे कात टाकलेली मऊ कोळंबी आत ओढली जाणार नाही.

पाणी कसे तयार करावे

समुद्राचे पाणी म्हणजे मीठ घातलेले पाणी अशी समजूत असल्यास ती दूर करावी. स्वयंपाकाचे किंवा मिठागरातील खडे मीठ हे मुख्यत्वेकरून सोडियम क्लोराइड असते. समुद्राच्या पाण्यात त्याशिवाय मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट इत्यादी अनेक द्रव्ये ठराविक प्रमाणात असतात व कोळंबीस कवच बांधण्यासाठी ती लागतात. म्हणून मत्स्यालयासाठी तयार केलेले कृत्रिम समुद्री क्षारच वापरावेत.

क्षारांचे प्रमाण एका लिटरमध्ये ३३ ते ३५ ग्रॅम असावे. याचा अर्थ १०० लिटर पाण्यास सुमारे साडेतीन किलोग्रॅम क्षार लागतात. क्षार टाकीत न टाकता प्लास्टिकच्या स्वच्छ पिंपात विरघळवावेत, एक दिवस हवा देऊन पाणी ढवळत ठेवावे व मगच वापरावे. मोजणीसाठी क्षारमापक यंत्र घ्यावे. विशिष्ट गुरुत्व १.०२४ ते १.०२६ यांच्या दरम्यान असावे.

मूळ पाणी कोणते घ्यावे, हाही महत्त्वाचा प्रश्न आहे. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतो. शेतातील विहिरीच्या पाण्यात रासायनिक खतांतून झिरपलेले नायट्रेट व कीटकनाशकांचे अंश असण्याचा संभव असतो. त्यामुळे आर.ओ. यंत्रातून गाळलेले पाणी सर्वांत चांगले. किनाऱ्यावरील मंडळींना समुद्राचे पाणी फुकट मिळते खरे. पण खाडीचे व शहराजवळचे पाणी दूषित असते आणि पावसाळ्यात नद्यांच्या पुरामुळे त्याचा खारेपणा पुष्कळ घटतो. असे पाणी वापरू नये.

बाष्पीभवनाचा हिशेब मात्र पक्का समजून घ्यावा. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. १०० लिटरच्या टाकीतून ५ लिटर पाणी उडाले, तर लिटरमागे ३५ ग्रॅम असलेले क्षार जवळजवळ ३७ ग्रॅम होतात. म्हणून घटलेली पातळी भरताना नेहमी गोडे पाणीच घालावे, खारे नव्हे. आणि तेही रोज थोडे थोडे. काचेवर पातळीची खूण करून ठेवल्यास हे काम घरातील मुलेही करू शकतात.

टाकी मुरू द्यावी

जमिनीत शेणखत टाकल्यावर त्यातील नत्राचे अमोनियात, अमोनियाचे नायट्राइटमध्ये व नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर होते, हे शेतकऱ्यांना ठाऊक आहे. हे काम सूक्ष्म जंतू करतात. टाकीतही नेमके हेच घडते. प्राण्यांची विष्ठा व उरलेले अन्न यांपासून अमोनिया होतो. तो विषारी असतो. त्याचे नायट्रेट करणारे जंतू वाळूत, दगडांवर व गाळणीत वाढावयास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. शेत पेरणीपूर्वी तयार करावे लागते, तशीच टाकीही प्राणी सोडण्यापूर्वी मुरू द्यावी लागते.

यासाठी १०० लिटर पाण्यात सुमारे ०.६ ग्रॅम, म्हणजे चिमूटभर, शुद्ध अमोनियम क्लोराइड घालावे. यालाच आपण नवसागर म्हणतो. परंतु कल्हईसाठी मिळणारा नवसागर अशुद्ध असण्याचा संभव असल्यामुळे तो वापरू नये. अमोनिया व नायट्राइट मोजण्याच्या पेट्या बाजारात मिळतात. घातलेला अमोनिया एका दिवसात नाहीसा होऊन नायट्राइटही शून्यावर आले, म्हणजे टाकी तयार झाली असे समजावे. त्यानंतर थोडे पाणी बदलून प्रथम एखादा मासा व आणखी काही आठवड्यांनी कोळंबी सोडावी. घाई करणाऱ्यांची कोळंबी सहसा जगत नाही.

टाकीतील पाण्याची मापे पुढीलप्रमाणे राखावीत:

उष्णतामान: २४ ते २७ अंश सेल्सियस
क्षार: लिटरमागे ३३ ते ३५ ग्रॅम
सामू: ८.१ ते ८.४
अमोनिया व नायट्राइट: शून्य
नायट्रेट: लिटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी
तांबे: मुळीच नसावे

दर आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलल्यास नायट्रेट आटोक्यात राहते व कवचासाठी लागणारी द्रव्येही पुरविली जातात. कात टाकण्यास मदत म्हणून आयोडीन घालण्याचा सल्ला काही विक्रेते देतात. पाणी नियमितपणे बदलले जात असल्यास त्याची गरज भासत नाही.

कोळंबी आणणे व टाकीत सोडणे

विकत घेताना कोळंबीच्या दोन्ही मिशा शाबूत असाव्यात, रंग भडक असावा व अन्न दाखविल्याबरोबर ती पुढे यावी. कपारीत निपचित पडलेली, किंवा शरीराचा पारदर्शक भाग दुधाळ झालेली कोळंबी घेऊ नये.

घरी आणल्यावर पिशवी उघडून ती तशीच टाकीत ओतणे घातक आहे. मासा हा बदल एखादे वेळी सोसतो, कोळंबी सोसत नाही. पिशवीतील पाण्यासह कोळंबी एका प्लास्टिकच्या भांड्यात घ्यावी. हवापंपाची बारीक नळी घेऊन तीस सैल गाठ मारावी व टाकीतील पाणी थेंबाथेंबाने, सेकंदास दोन-तीन थेंब या वेगाने, भांड्यात सोडावे. एक ते दीड तासात भांड्यातील पाणी दुपटी-तिपटीने वाढेल. मग कोळंबी अलगद टाकीत सोडावी व भांड्यातील पाणी फेकून द्यावे. तिला पाण्याबाहेर उघडी धरू नये. पहिला दिवस दिवा बंद ठेवावा.

अन्न

केवळ माशांच्या अंगावरील किड्यांवर ही कोळंबी घरच्या टाकीत जगू शकत नाही. निरोगी माशांच्या अंगावर तिचे पोट भरेल इतके काही नसतेच. म्हणून तिला आठवड्यातून तीन वेळा स्वतंत्र अन्न द्यावे. गोठविलेले आर्टेमिया, ताज्या माशाचा किंवा तिसऱ्यांच्या मांसाचा हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा पुरे होतो. उरलेले अन्न तासाभरात काढून टाकावे.

बाजारातील कच्ची कोळंबी मात्र खाऊ घालू नये. भारतातील कोळंबी-तळ्यांना १९९४ च्या सुमारापासून ज्या विषाणूने जबर तडाखा दिला, तो पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू कोळंबी, खेकडे व शेवंड या साऱ्या वर्गास होतो व गोठविल्याने तो मरत नाही. नावात साम्य असले तरी माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांशी या रोगाचा संबंध नाही. याच कारणास्तव मत्स्यालयातील पाणी वा मेलेले प्राणी खाडीत, ओढ्यात किंवा कोळंबी-तळ्याजवळ कदापि टाकू नयेत. पालघर, रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत कोळंबी-संवर्धनावर जगणारी कुटुंबे आहेत. एका हौशी माणसाचा निष्काळजीपणा त्यांना भोवू नये.

कात टाकणे

साप कात टाकतो त्याप्रमाणे कोळंबी वाढीसाठी कवच टाकते. साधारणतः दोन ते चार आठवड्यांनी हे घडते. सकाळी टाकीत मिशा-पायांसह अख्खी कोळंबी उताणी पडलेली पाहून नवशिक्याचा धीर खचतो. ती मेली असे समजून पाण्यात नाना औषधे घातली जातात व खरोखरीच तिचा जीव जातो. अशा वेळी नीट निरखून पाहावे. टाकलेली कात पोकळ, हलकी व पारदर्शक असते आणि डोके व शेपटीकडील भाग यांच्या सांध्यात ती उकललेली दिसते. मेलेली कोळंबी भरीव असून तिचे अंग अपारदर्शक, पांढरट किंवा गुलाबी झालेले असते.

कात टाकल्यावर नवे कवच घट्ट होईपर्यंत एक-दोन दिवस कोळंबी कपारीत लपते व अन्न घेत नाही. तिला शोधण्यासाठी दगड हलवू नयेत. या काळात खोडकर माशांपासून तिला सर्वांत अधिक धोका असतो.

तांबे व कीटकनाशके

सफाई कोळंबीचा सर्वांत मोठा शत्रू तांबे होय. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण फवारणाऱ्यास मोरचुदाची शक्ती सांगावयास नको. बुरशी मारणारे तेच तांबे पाण्यात अत्यल्प प्रमाणात असले तरी कोळंबीस मारक ठरते. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरील कित्येक औषधांत तांबेच असते. म्हणून औषध घेताना त्यावरील घटक वाचून पाहावेत. आजारी मासा दुसऱ्या साध्या टाकीत हलवून तेथेच उपचार करावेत, आणि मूळ टाकी सहा ते आठ आठवडे माशांवाचून ठेवावी. आश्रय न मिळाल्याने रोगजंतू मरतात व कोळंबी त्याच टाकीत सुखरूप राहते. ज्या टाकीत पूर्वी तांब्याचे औषध घातले होते, तेथील वाळू व दगड तांबे धरून ठेवतात आणि पुढे हळूहळू सोडतात. ते पुन्हा वापरू नयेत.

आपल्या घरोघरी पाणी तांब्याच्या हंड्या-कळशीत भरून ठेवण्याची चाल आहे. मनुष्यास ते पाणी चालते. कोळंबीच्या टाकीसाठी मात्र तांब्यापितळेचे भांडे, तोटी किंवा तांब्याच्या नळ्यांचा बंब यांतून आलेले पाणी वर्ज्य समजावे. प्लास्टिकची बादली या कामासाठी निराळी ठेवावी.

कीटकनाशकांचेही तसेच आहे. कोळंबी ही किड्यांच्या नात्यातीलच. जे औषध कापसावरील बोंडअळी मारते, ते तिलाही मारते. सिंथेटिक पायरेथ्रॉइड वर्गातील औषधे तर विशेष घातक आहेत, आणि डास मारण्याच्या वड्या, द्रव व फवारे यांतही पुष्कळदा तीच असतात. टाकी असलेल्या खोलीत अशी साधने वापरू नयेत; मच्छरदाणी लावावी. शेतात फवारणी करून आलेल्या माणसाने स्नान केल्यावाचून टाकीत हात घालू नये.

सोबती

क्लाऊन, गोबी, ब्लेनी यांसारखे लहान व शांत मासे सोबतीस चांगले. हेकरू, केंड, ट्रिगर, लायनफिश यांसारखे मासे घरच्या टाकीतील अपुऱ्या जागेत कोळंबी फस्त करतात. समुद्रातील करार बंदिवासात पाळला जाईलच असे नाही. या कोळंबीस जोडीने राहणे मानवते. १२५ लिटरच्या टाकीत दोन ठेवाव्यात.

उन्हाळा व वीज

विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात टाकीचे पाणी ३० अंशांपलीकडे सहज जाते. पाण्याच्या पृष्ठभागावर वारा येईल असा लहान पंखा लावल्यास बाष्पीभवनाने पाणी दोन ते चार अंशांनी थंड होते. कोरड्या हवेत हा उपाय चांगला लागू पडतो. कोकणातील दमट हवेत तितका नाही, तेथे पाणी थंड करणारे यंत्र लागते. ऊन पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. त्यातच वीज गेली, तर प्राणी गुदमरतात. म्हणून विजेरीच्या सेलवर चालणारा हवापंप घरात तयार ठेवावा.

पिल्ले व धंद्याचा विचार

या कोळंबीचे जीवन मोठे चमत्कारिक आहे. प्रत्येक कोळंबी प्रथम नर असते व वाढल्यावर एकाच वेळी नर आणि मादी दोन्ही होते. मात्र स्वतःची अंडी ती स्वतः फळवू शकत नाही. एकीने कात टाकली म्हणजे दुसरी तिची अंडी फळविते. त्यामुळे कोणत्याही दोन कोळंब्या ठेवल्या तरी पोटाखाली हिरवट अंड्यांचा पुंजका दिसू लागतो. सुमारे दोन आठवड्यांनी रात्रीच्या वेळी अंडी फुटतात.

हे पाहून पिल्लांच्या विक्रीचा विचार कोणाच्याही मनात येईल. परंतु या जातीची पिल्ले अनेक महिने, कित्येकदा पाच महिन्यांहून अधिक काळ, पाण्यात तरंगत्या अवस्थेत राहतात व त्या काळात त्यांना सूक्ष्म जिवंत खाद्य लागते. त्यांतील फारच थोडी जगतात. म्हणूनच बाजारातील बहुतेक सफाई कोळंबी आजही समुद्रातून पकडलेली असते. या कोळंबीच्या पैदाशीसाठी कर्ज काढून धंदा उभारू नये, असाच स्पष्ट सल्ला द्यावासा वाटतो. राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोने लक्षद्वीपमधील अगत्ती बेटावर शोभिवंत समुद्री कोळंबीच्या पैदाशीचे काम हाती घेऊन तेथील स्त्रियांना शिक्षण दिले आहे. तेथे तुलनेने सुकर अशा अन्य लहान जाती निवडलेल्या आहेत. ज्यांना शोभेच्या माशांतून उत्पन्न हवे, त्यांनी गोड्या पाण्यातील मासे किंवा बंदिस्त जागेत पैदास होणारे क्लाऊन मासे यांपासून आरंभ करावा.

कायद्याचे भान

टाकीच्या सजावटीसाठी किनाऱ्यावरून प्रवाळ किंवा प्रवाळाचे दगड आणणे हा गुन्हा आहे. २००१ पासून दगडी प्रवाळांस वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली संरक्षण मिळालेले असून मृत प्रवाळ बाळगणेही त्यात येते. मालवणच्या समुद्रातील अभयारण्य १९८७ मध्ये याच ठेव्यासाठी घोषित झाले. सजावटीस भाजलेल्या मातीचे किंवा सिमेंटचे कृत्रिम दगड वापरावेत. सिमेंटचे दगड काही आठवडे गोड्या पाण्यात भिजवून, पाणी बदलत राहून, मगच टाकीत ठेवावेत. सूक्ष्म जंतू त्यांवरही उत्तम वाढतात.

योग्य निगा राखल्यास सफाई कोळंबी घरच्या टाकीत दोन-तीन वर्षे सुखाने राहते. पाणी मुरू द्यावे, गोड्या पाण्याने पातळी राखावी, थेंबाथेंबाने सवय लावावी, तांबे व कीटकनाशके दूर ठेवावीत आणि कात टाकली असता धीर धरावा, एवढी पथ्ये तिला पुरेशी आहेत. दूरच्या प्रवाळबेटांवरून पकडून आणलेला हा जीव आहे. ही पथ्ये पाळण्याची ज्यांची तयारी असेल, त्यांनीच तो घरी आणावा.